खुर्चीत बसून पाहिलेली भिंत

मंगळवार, ९ सप्टेंबर, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

चि. गारगोटी,

वेळ आधी लिहिली, कारण कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवलं होतं: तक्रारीच्या पत्रात आधी वेळ, मग जागा, मग अपराध आणि सगळ्यात शेवटी राग. राग आधी आला की समोरचा माणूस रागालाच उत्तर देतो आणि अपराध पळून जातो.

जागा: भूशास्त्र विभाग, पहिला मजला, खडकांची प्रयोगशाळा. जिथे मी एकतीस वर्षं शिकवलं आणि जिथे आता तू प्रमुख आहेस. कमरेत लोखंड बसवल्यापासून पहिल्यांदाच जिना चढले होते. म्हटलं, पोरं फील्डला निघायच्या तयारीत असतील, जरा पाहून येऊ. दारातच एका मुलीने अडवलं. "आजी, चपला बाहेर काढा, नवीन गालिचा आहे."

प्रयोगशाळेत गालिचा!

आत तुझे विद्यार्थी गोल फिरणाऱ्या खुर्च्यांवर बसले होते आणि प्रत्येकाच्या डोळ्यांवर एकेक काळा डबा बांधला होता. एकाला विचारलं, "काय चाललंय?"

"फील्ड."

"कुठे?"

"भिंतीपाशी."

"अरे, तू तर खुर्चीत बसलायस."

"हो, पण आत्ता मी वरच्या कड्यावर आहे. हळू बोला, दचकून पडेन."

शेजारच्याने सल्ला दिला, "आजी, उभ्या राहून पाहू नका, चक्कर येते. बसा आणि मग डोंगर चढा."

फळ्यावर तुझ्या सहीची सूचना होती: या वर्षीची क्षेत्रभेट रद्द, भिंतीचा अभ्यास डिजिटल मॉडेलवर होईल, उपस्थिती वर्गातच धरली जाईल.

ज्या भिंतीपाशी तू स्वतः हातोडा धरायला शिकलीस, ती आता डब्यात भरून पोरांच्या नाकावर टांगलीस? खालचे थर उभे तिरपे, वरचे आडवे, आणि मधल्या एका रेघेत कोट्यवधी वर्षं गायब. या विसंगतीवर तळहात ठेवला की खालचा खडक खरखरीत लागतो आणि वरचा मऊ. डोळ्याला समजण्याआधी ती हाताला समजते. तुझ्या डब्याला हात आहेत का?

मोबाइलवर निरोप पाठवू नकोस. मोबाइलवर भांडलं की लोक नंतर "मी असं म्हणालेच नव्हते" म्हणतात. कागदावर उत्तर दे. हे पत्र विभागप्रमुखाला आहे. भाचीला आशीर्वाद वेगळे.

तुझी आत्या


१५ सप्टेंबर

ती. आत्या,

सा. न.

चपला काढायला लावणाऱ्या मुलीला तू कोण आहेस ते सांगितलं. तिने जीभ चावली. तिला तू फक्त जाड निळ्या वहीतल्या टिपांची "मॅडम" म्हणून माहीत होतीस. तिला वाटलं होतं, तू हयात नसशील. राग मानू नकोस.

आता सूचनेबद्दल. बसचं भाडं वाढलंय. विम्याची कागदपत्रं वेळेत झाली नाहीत. पावसाळा लांबलाय. शिवाय यंदा वर्गात मुलं जास्त आहेत, आणि बरोबर यायला शिक्षक एकच. म्हणून या वर्षापुरतं मॉडेल.

पण आत्या, खरंच सांगते, हे काही खेळणं नाही. तुझ्या वेळी आम्ही चाळीस जण भिंतीसमोर उभे राहायचो. पुढच्या सहांना भिंत दिसायची आणि बाकीच्यांना त्या सहांच्या माना. तू ओरडायचीस, "मागचे, दिसतंय ना?" आम्ही एका सुरात "हो मॅडम" म्हणायचो. दुसऱ्या वर्षाला असताना मला मधली रेघ दिसलीच नव्हती. आता प्रत्येकाची भिंत वेगळी. ड्रोनने काढलेल्या शेकडो फोटोंतून ती जोडली आहे. पोरं मागे सरतात, वरून बघतात, थराला रंग देतात, उतार मोजतात. चुकलं तर तिथल्या तिथे कळतं, तीन आठवड्यांनी लाल शाईत नाही.

यंदा वर्गात एक मुलगी आहे. सगळे तिला काठी म्हणतात, तीही स्वतःला तेच म्हणते. चालायला काठी लागते तिला. तुझ्या काळात असती तर बसमध्ये बसून सगळ्यांच्या जेवणाच्या डब्यांची राखण केली असती. गेल्या आठवड्यात तिने काढलेला भिंतीचा नकाशा वर्गात सगळ्यांत चांगला आहे. मला म्हणाली, "मॅडम, पहिल्यांदाच मी कुणाच्या पाठीमागे नव्हते."

दुवा सोबत दिला आहे. तुझ्या संगणकावर चालेल, डबा लागणार नाही. एकदा बघ आणि मग शिव्या दे.

कमरेचे व्यायाम करतेस ना?

तुझी,
गारगोटी


२४ सप्टेंबर

चि. गारगोटी,

मी हयात आहे, असं त्या मुलीला कळव. लेखी.

तुझी कारणं वाचली. बस, विमा, पाऊस, मुलं, शिक्षक. पाच झाली. माणसाकडे खरं कारण असलं की एक पुरतं. पाच दिली की समजावं, सहावं लपवलंय. लहानपणी तू शाळा बुडवायचीस तेव्हाही तुझं पोट, डोकं, दात आणि गुडघा एकाच सकाळी दुखायचं.

काठीची गोष्ट मात्र वाचली आणि परत वाचली. तिचा नकाशा मला पाठव. मार्क मी देणार नाही, पण चुका काढीन. हा माझ्याकडून मोठा मान समजावा.

आणि तुझं मॉडेल पाहिलं. आठ दिवस पाहत होते, म्हणून उत्तराला उशीर झाला. पहिल्या दिवशी भिंत उलटीपालटी होऊन माझ्या अंगावर आली आणि मी माऊस टाकून दिला. दुसऱ्या दिवशी जमलं. तिसऱ्या दिवशी मी वरच्या कड्यावर गेले. तिथे मी आयुष्यात कधी गेले नव्हते. आम्ही नेहमी खालूनच मान वर करून बघायचो. वर आडव्या थरांत एक लहानशी घडी आहे, ती मला एकतीस वर्षांत दिसली नव्हती. चहा थंड झाला. एवढंच सांगते. यापेक्षा जास्त कौतुक मागू नकोस.

आता अपराध. त्या मॉडेलमध्ये माप घेण्याची सोय आहे. जमिनीवर एक टिचकी, विसंगतीच्या रेघेवर दुसरी. आकडा आला एक मीटर पंचवीस. अगं, त्या रेघेवर उजवं कोपर टेकून मी तास घेतलेत! ती जमिनीपासून एक मीटरवर आहे, एखादं बोट इकडेतिकडे. तुझ्या मॉडेलमध्ये मला कोपर टेकायचं तर स्टूल लागेल. वरचा भाग मी माझ्या जुन्या मापांशी पडताळला, तो चोख आहे. फक्त तळच भाकरीसारखा फुगलाय. उभ्या थरांची जाडीही त्यामुळे चुकली, आणि पोरं ती चुकीची जाडी परीक्षेत लिहिणार.

कोणी मोजलं हे? टेप घेऊन कोण गेलं होतं? नाव नको, फक्त टेप होती की नव्हती ते सांग.

आत्या


२९ सप्टेंबर

ती. आत्या,

सा. न.

टेप नव्हती. तू पकडशील असं वाटलं होतं, पण इतक्या लवकर नाही.

झालं असं. गेल्या वर्षी वरून दरड कोसळली आणि भिंतीचा तळ ढिगाऱ्याखाली गेला. रेघ त्याच्याच मागे आहे. ड्रोनला दिसेना. मग मी तुझ्या जुन्या स्लाइडचे खोके काढले. तळाचे तुझे एवढे सुंदर फोटो होते, सगळ्या बाजूंनी काढलेले, की संगणकवाल्यांनी त्यांतून तळ उभा केला आणि वरच्या भागाला जोडला. फोटोत मापासाठी शेजारी ठेवतात तो हातोडा शोधला, सापडला नाही. एका फोटोत मात्र भिंतीला पाठ लावून कुणीतरी उभं आहे, मोठी टोपी, तोंड झाकलेलं. आम्ही धरलं की तुझी कुणी विद्यार्थिनी असेल. वर्गातल्या मुलींची सरासरी उंची, पाच फूट पाच इंच, घेतली आणि तीच मापपट्टी केली. तुझं बोलणं खरं असेल तर ती मुलगी बरीच बुटकी होती.

तुझ्या एक मीटरवरून तळ आक्रसून घेते. पण तू एकतीस वर्षं टेकलेलं कोपर मी शोधनिबंधात पुरावा म्हणून लिहू शकत नाही. नीट माप लागेल, आणि ते घ्यायला आता तिथे जाताही येणार नाही. तेव्हा खाली "अंदाजे" असं लिहून टाकते.

काठीचा नकाशा सोबत आहे. चुका काढताना जरा हळू हातानं. तिच्यावर नाही, माझ्यावर दया म्हणून. तुझी पत्रं ती वाचायला मागते.

गारगोटी


२ ऑक्टोबर

गारगोटी,

ती मुलगी बुटकी नव्हती. तिला दहावं वर्ष चालू होतं.

ती तू आहेस, मूर्खे.

तुझी आई त्या आठवड्यात दवाखान्यात होती, तुला माझ्याकडे ठेवलं होतं, आणि फील्ड काही मला रद्द करता येत नव्हतं. म्हणून तुला बसमध्ये घातलं. टोपी माझी. ऊन लागतंय म्हणून तू ती नाकापर्यंत ओढलीस. हातोडा एक गाढव बसमध्ये विसरलं होतं, म्हणून मी तुला म्हटलं, "तू उभी राहा, तूच आज माप." तू श्वास रोखून उभी राहिलीस. फोटो झाल्यावर विचारलंस, "आता मी हलू का, की खडक हलेल?" पोरं हसली. मी नाही हसले. मला वाटलं, ही होणार भूशास्त्रज्ञ.

आणि आता हीच भूशास्त्रज्ञ स्वतःला ओळखत नाही आणि स्वतःलाच पाच फूट पाच इंच धरून भिंत फुगवते! शाळेच्या दाखल्यात तुझी उंची असेल. आईला विचार, तिने दाराच्या चौकटीवर खुणाही केल्या होत्या.

हे झालं. आता दुसरं. तू लिहितेस, "आता तिथे जाताही येणार नाही." ढिगारा आहे म्हणून? ढिगारा उपसता येतो. बस नाही म्हणून? बस पुढच्या वर्षी मिळते. "येणार नाही" असं तू लिहिलंस, "आलं नाही" असं नाही.

सहावं कारण काय आहे?

आत्या


८ ऑक्टोबर

ती. आत्या,

तीनदा लिहून फाडलं.

भिंत जाणार आहे. नवा रस्ता तिच्यातून काढलाय. कुंपण घातलंय. सोमवार, ३ नोव्हेंबरला पहिला सुरुंग. मला जूनपासून माहीत आहे.

विद्यापीठाकडे संमती मागायला आले होते, कारण जागेचा एक तुकडा आपल्या नावावर आहे. मी हरकत घेतली. दोन बैठकांत एकटीच बोलले. कुलसचिव म्हणाले, "मॅडम, रस्त्याने माणसं दवाखान्यात लवकर पोहोचतील. तुमचे दगड पोहोचून कुठे जाणार आहेत?" आणि माणसं खरंच पोहोचतील. शेवटी एवढंच पदरात पडलं की कुंपण घालण्याआधी चार दिवस ड्रोन उडवायला देतील. त्याच्या बदल्यात विभागाची ना-हरकत. मी सही केली.

त्याच आठवड्यात तुझं कमरेचं ऑपरेशन होतं. मी तुझ्या उशाशी बसून मोसंब्याचा रस देत होते आणि पर्समध्ये तो कागद होता. तू गुंगीत विचारलंस, "यंदा फील्ड कधी?" मी म्हटलं, "आधी तू उभी राहा." मग तू उभी राहिलीस, आणि मला सांगता येईना.

मॉडेल ही माझी हौस नाही, आत्या. माणूस जाणार म्हटल्यावर फोटो काढून ठेवतात, तसं केलं. घाईत केलं, म्हणून चुकलं. पोरांना अजून सांगितलेलं नाही. ती समजतात, पुढच्या वर्षी जाऊ.

हवं ते बोल. पण बोल.

तुझी,
गारगोटी


१७ ऑक्टोबर

ती. आत्या,

फोन उचलत नाहीस. काल घरी येऊन गेले, कुलूप होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "टॅक्सी करून गेल्या, हातात काठी टेकत, आणि पायात मोठे बूट होते." कुठे गेली होतीस? दोन ओळी टाक. शिव्याच टाक.

काठी विचारते, तिचा नकाशा तपासून झाला का.

गारगोटी


शनिवार, २५ ऑक्टोबर

चि. गारगोटी,

आधी तुझ्या सहीबद्दल. मी दोन दिवस जेवले नाही, तिसऱ्या दिवशी जेवले. तुझ्या जागी मी असते तर बैठकीत टेबल उलटलं असतं, खूप नाव झालं असतं, आणि ड्रोनचे चार दिवस मिळाले नसते. तू चार दिवस मिळवलेस. मोसंब्याचा रस मात्र कडूच होता, ते मी तेव्हाही म्हटलं होतं. हा विषय संपला. पुन्हा माफी मागितलीस तर पत्र न फोडता परत करीन.

आता कामाचं. मी तीनदा भिंतीपाशी जाऊन आले. पहिल्यांदा कुंपणावरच्या माणसाने हाकललं. दुसऱ्यांदा त्याने खुर्ची दिली. तिसऱ्यांदा साइटचा इंजिनिअर आला. तरुण आहे, उन्हाने करपलाय, बोलण्यात सरळ. म्हणाला, "आजी, इथे बसू नका, हा धोक्याचा भाग आहे."

मी म्हटलं, "मी इथे तुझ्या जन्माआधीपासून बसतेय. धोका नवीन आहे."

तो हसला आणि हेल्मेट आणून माझ्या डोक्यावर ठेवलं. मग मी त्याला रेघेबद्दल सांगितलं. ढिगाऱ्यावरून हवेत बोट फिरवून दाखवलं, ही इथून इथे जाते. त्याने विचारलं, "मधली वर्षं गेली कुठे?" बघ, हाच प्रश्न दरवर्षी पहिल्या बाकावरून यायचा. मी म्हटलं, "झिजून गेली. आधी डोंगर होता, तो झिजला, त्यावर पाणी आलं, मग नवे थर बसले. झिजलेल्या डोंगराची नोंद म्हणजे ही रेघ." त्याने माझ्यासारखंच हवेत बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "आणि सोमवारी आम्ही."

"हो," मी म्हटलं. "आणि सोमवारी तुम्ही."

त्याने स्वतःहून सांगितलं ते असं. रविवार, २ नोव्हेंबरला काम बंद असतं. शनिवारी संध्याकाळी तो यंत्र लावून तळाचा ढिगारा उपसून देईल, तसाही त्याला तो उपसायचाच आहे. वरचे सैल दगड त्याने आधीच काढलेत. रविवारी सकाळी सात ते बारा कुंपण उघडेल. हेल्मेटं देईल. यंत्र जायला केलेला रस्ता थेट तळापर्यंत सपाट आहे, म्हणजे काठीला बसमध्ये डबे राखत बसायचं कारण नाही. चाकांची खुर्ची लागली तर माझी आहे, ऑगस्टपासून अडगळीत पडलीय. आळीपाळीने एकीने बसायचं आणि दुसरीने मागून टेकत ढकलायचं.

पण त्याची एक अट आहे. विद्यार्थ्यांची जबाबदारी घेणारं, विभागप्रमुखाच्या सहीचं पत्र हवं. त्याशिवाय तो कुंपण उघडणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे. कुलसचिव असं पत्र देऊ देणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. ते रागावतील. कदाचित तुझी खुर्चीही जाईल. हे मी लपवून ठेवत नाही. तू सोबत नेशील ती पोरं कुणाची तरी आहेत, एकाला जरी खडा लागला तरी नाव तुझं येईल. म्हणून मी हुकूम करत नाही. मागते.

तुझे डबे मला मान्य आहेत. ऐकलंस, मान्य आहेत. सोमवारनंतर भिंत तेवढीच उरणार आहे, तेव्हा ती निदान खरी असू दे. रविवारी ड्रोनवाल्यांना आण. टेप आण, मापाची उभी पट्टी आण, आणि तळ नव्याने घे. माझा तास ध्वनिमुद्रित करायचा म्हणून तू दोन वर्षं मागे लागली होतीस आणि मी नाही म्हणत होते. रविवारी कर, आणि मॉडेलमध्ये घाल. रेघेपाशी उभी राहून पहिल्या दिवशीचा तास घेते, सगळा. कुठल्यातरी गावातली, कधीच फील्डला जाऊ न शकणारी पोर तो खुर्चीत बसून ऐकेल, आणि तिला कुणाची मान आडवी येणार नाही. याला विरोध करायला मी काही वेडी नाही.

पण तुझ्या या पोरांनी एकदा हात लावायचा. प्रत्येकाने. अंगठा जुन्या खडकावर, करंगळी नव्यावर. पुढे ती हजारांना पडद्यावर शिकवतील, तेव्हा निदान शिकवणाऱ्याच्या हाताला तरी माहीत असावं की तिथे काय होतं. आणि त्यांना खरं सांगून आण. पुढच्या वर्षी येऊ असं समजून आलेला माणूस नीट बघत नाही.

काठीचा नकाशा परत पाठवते आहे. उताराची एक दिशा चुकली आहे, बाकी निर्दोष. चुकीपाशी मी पेन्सिलने लिहिलंय, "प्रत्यक्ष पाहून दुरुस्त करावे." आता तिला ते कुठे पाहायला मिळणार, हे तू ठरव.

मला उत्तर हवं. लेखी, विभागाच्या कागदावर, शिक्क्यासह. गुरुवार, ३० ऑक्टोबर, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात. इंजिनिअर सव्वापाचला निघतो आणि त्याआधी कागद मला त्याच्याकडे पोहोचवायचा आहे, टॅक्सी सांगून ठेवली आहे. "बघते", "प्रयत्न करते", "वरती विचारते" ही उत्तरं मी धरणार नाही. "हो" लिही किंवा "नाही" लिही, आणि खाली सही कर.

तुझी आत्या